मोजणीवाल्याच्या बाजूने

मोठ्या बाईंचं मत पक्कं होतं. त्या विधवेने मोजणीवाल्याशीच लग्न करायला हवं होतं. टोपीवाल्याच्या गळ्यात माळ घालून तिने स्वतःच्या आणि अख्ख्या कादंबरीच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्या कापायच्या टेबलापाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सांगताना हातात कात्री असे. हातात कात्री असलेल्या बाईशी सहसा कुणी वाद घालत नाही.

पडदे शिवायचा हा कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती. एका भिंतीला उंच खिडक्या, दुसऱ्या भिंतीला कापडाचे तागे, मधोमध कापायचं टेबल आणि त्याच्या पलीकडे मशिनांची रांग. सकाळभर मशिनं चालत. तेव्हा शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नसे. दुपारी मात्र मशिनं बंद होत आणि हातकाम सुरू होई. तुरपाई घालायची, अस्तर धावदोऱ्याने जोडायचं, कड्या टाचायच्या, पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या पट्टीत वजनं घालायची. हात गुंतलेले आणि कान रिकामे, अशी ती वेळ. म्हणून दुपारी कुणीतरी स्टुलावर बसून पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही तिथली जुनी पद्धत. मालक त्याच्या आड येत नसे. पुस्तक रंगात आलं की तुरपाईचे टाके बारीक पडतात, हे त्याच्याही लक्षात आलं होतं.

आता वाचायला भावोजी असत. मोठ्या बाईंचे ते धाकटे दीर. सगळा जन्म एका कचेरीच्या दफ्तरखान्यात गेलेला, लग्न केलेलं नाही, आणि बोलणं इतकं कमी की जेवताना मीठ हवं असलं तरी ते मिठाकडे नुसते बघत. पण पुस्तक हातात आलं की त्यांचा आवाज बदले. भारदस्त वगैरे होत नसे. पण थरथर जाई आणि शब्द स्वच्छ येत. निवृत्त झाल्यावर घरातल्या खिडकीपाशी बसून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहू लागले, तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांना एक दिवस हाताला धरून कारखान्यात आणलं आणि स्टुलावर बसवलं. तेव्हापासून ते वेळेच्या आधीच येऊन बसत.

सध्याचं पुस्तक होतं जाडजूड. जुन्या काळातली गोष्ट. रेल्वेचं शेवटचं स्टेशन मागे टाकून पुढे गेलं की सुरू होणारा कोरडा, उघडा मुलूख. तिथे एक तरुण विधवा, नवऱ्यामागे राहिलेलं गुरांचं मोठं कुरण, आणि त्या कुरणातल्या एकुलत्या एका झऱ्यावर डोळा ठेवून बसलेला शेजारचा धनाढ्य. त्यात सगळ्यांची नावं अशी परदेशी आणि लांबलचक, की पहिल्याच दिवशी भावोजींची जीभ तीनदा अडखळली.

"नावं राहू द्या हो," चष्मेवाली म्हणाली. ही कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ त्याच्याही पुढे. "कोण काय काम करतो तेवढं सांगा. नाव लक्षात ठेवून मला काय त्यांच्याकडे पाहुणी जायचंय?"

तेव्हापासून कादंबरीत विधवा होती, शेजारी होता, साखळी आणि पितळी दुर्बीण घेऊन हद्द ठरवायला आलेला मोजणीवाला होता, आणि खांद्यात गोळी घेऊन कुठूनसा घोड्यावरून आलेला टोपीवाला होता.

पुस्तक संपलं त्या दुपारी खोलीत कुणी सुई उचलेना. टोपीवाला घोड्यावर बसून निघतो आणि विधवा कुंपणापर्यंत धावत जाऊन म्हणते, 'थांब. माझं जे काही आहे ते तूच आहेस.' आणि पुस्तक संपतं.

"हे कधी झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काय, वहिनी?" भावोजी पुस्तक मिटत म्हणाले.

"हेच. माझं जे काही आहे ते तू वगैरे. त्याने केलं काय तिच्यासाठी? आला, पलंग अडवला, सूप प्यायला, बरा झाला. मधूनमधून घोड्याला खरारा केला. तिकडे तो मोजणीवाला उन्हात होरपळून झरा तिच्या हद्दीत आहे हे सिद्ध करतोय, शेजाऱ्याने पुढे केलेली थैली लाथाडतोय, आणि ही बया जाते टोपीमागे?"

"दिसायला चांगला असेल, सासूबाई," त्यांची सून म्हणाली. ती कड्या टाचायला बसत असे.

"दिसायला तर दुकानाच्या काचेतला पुतळाही चांगला असतो. त्याला कुणी घरी आणतं का?"

"आणि लेखकाला हवापाण्यातलं काही कळत नाही," चष्मेवाली म्हणाली. "ढग भरून येतात, वीज चमकते, आता वादळ येणार म्हणून मी सुई धरून बसते, तर दुसऱ्या ओळीत सकाळ. ऊन पडलेलं. असं वादळ असतं का कुठे?"

"हो ना! तीनदा तसंच झालं," मोठ्या बाई म्हणाल्या. "लेखक आळशी आहे."

भावोजींना खोकला आला. हा खोकला या पुस्तकात त्यांना फार झाला होता. वाचता वाचता मधेच ठसका लागायचा, ते पाणी प्यायचे, चष्मा पुसायचे, आणि मगच पुढे जायचे. अस्तराच्या कापडाचे तंतू घशात जात असणार, म्हणून मोठ्या बाईंनी त्यांचं स्टूल टेबलापासून खिडकीपाशी हलवलं होतं. चष्मेवालीने तर खडीसाखरेची पुडीच आणून दिली होती.

पुस्तक वाचनालयाचं होतं, तिथे आलेल्या तीन-चार प्रतींपैकी एक. नव्या पुस्तकांवर पहिला हक्क वाचक-मंडळांचा असे, आणि ग्रंथपालबाईंनी गेल्या वर्षी कारखान्याचं नाव मंडळ म्हणून लावून घेतलं होतं. त्यामुळे कोऱ्या पुस्तकांची पहिली घडी बऱ्याचदा त्यांच्याकडे उघडली जाई. पण वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर, यांना ते पटलेलं नव्हतं. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, असं ते म्हणत. एक वाचणार आणि बाकीच्या कड्या टाचणार, ते काय मंडळ? या महिन्याच्या मतांच्या संध्याकाळी कारखान्याने उभं राहून या कादंबरीवर मत द्यावं. पुस्तक खरंच वाचलेलं दिसलं तर नाव राहील. नाही दिसलं तर जाईल.

नाव गेलं तर नवी पुस्तकं गेली. मग उरली वाचनालयाच्या मागच्या फळीवरची, शेवटची पानं नसलेली. आणि तसल्या पुस्तकांसाठी मालक काही दुपारभर स्टूल मांडू देणार नाही. स्टूल गेलं की भावोजी पुन्हा खिडकीपाशी, भिंतीसमोर. मोठ्या बाईंनी हे मोठ्याने कुणाला सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मी बोलणार. मत माझ्याकडे भरपूर आहे."

"ते आम्हाला माहीत आहे," चष्मेवाली म्हणाली.

*

वाचनालयाच्या मागच्या दालनात खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. मोठ्या बाई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला चष्मेवाली, आणि मागच्या रांगेत, खांबाआड अर्धे लपतील अशा बेताने, भावोजी. ते यायलाच तयार नव्हते. दुपारपासून त्यांचं पोट बिघडलं होतं, मग डोकं दुखायला लागलं, मग चपलेचा अंगठा तुटला. मोठ्या बाईंनी अंगठा स्वतः टाके घालून दिला.

आधी गार्डसाहेब बोलले. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केलेले हे गृहस्थ. कादंबरीतली आगगाडी पाण्यासाठी कुठे थांबते आणि घोडा एका दमात किती धावू शकतो, यावर ते प्रेमाने बोलले आणि समाधानाने बसले.

मग औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई उठल्या. त्यांना सगळे औषधवाल्या बाई म्हणत. त्यांनी छातीशी पुस्तक धरलं होतं.

"मी एवढंच म्हणेन," त्या म्हणाल्या, "की कोठारातल्या त्या प्रसंगासाठी मी ही कादंबरी दहादा वाचीन."

मोठ्या बाईंनी मान हलवली आणि मग ती हलवायची थांबवली.

"बाहेर वादळ," औषधवाल्या बाई सांगत होत्या, "आत गवताच्या गंज्या, आणि ती दोघं अडकलेली. वाऱ्याने कंदील विझतो. तो तिला आपलं घर का सोडलं ते सांगतो. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतो. ती बोटातली नवऱ्याची अंगठी काढते. आणि तो काय करतो? ती अंगठी तिच्याच मुठीत ठेवतो, मूठ मिटतो आणि म्हणतो, 'आत्ता नको. वादळ थांबू दे. उजेडात सांग.' असा माणूस! मग ती शेवटी कुंपणापर्यंत धावत जाते ते का, हे वेगळं सांगायला हवं का?"

"कुठलं कोठार?" मोठ्या बाईंनी ओठ न हलवता विचारलं.

"आपल्याकडे कोठार नव्हतंच," सून पुटपुटली.

"माझा डोळा लागला असेल," चष्मेवाली म्हणाली.

"तुमचा लागला असेल. आम्हा सगळ्यांचा एकदम कसा लागेल?" मोठ्या बाई कुजबुजल्या.

आणि मग मोठ्या बाईंना ते वादळ आठवलं. ढग भरून आले होते, वीज चमकली होती, टोपीवाला आणि विधवा आडोशाला पळत सुटले होते, आणि भावोजींना ठसका लागला होता. पाणी. चष्मा. आणि 'सकाळी लख्ख ऊन पडलं होतं.' तीनही वादळांना तसंच. नदीकाठी टोपीवाला तिला काही सांगायला थांबतो तेव्हाही ठसका. खिडकीत दिवा दिसतो तेव्हाही ठसका. लेखक आळशी नव्हता. घशात तंतूही नव्हते.

त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. खांबाआडून भावोजींचा एकच कान दिसत होता. तो लालभडक होता.

"आता कारखान्याचं मंडळ," अध्यक्ष म्हणाले.

सुनेने मोठ्या बाईंचा पदर धरला. "सासूबाई, सांगा की तब्येत बरी नाही. किंवा कोठार छान होतं म्हणा आणि बसा."

सुटायला तेवढं पुरलं असतं. कोठार छान होतं, असं म्हणून वर आणखी दोन शब्द. पण जे कापड उलगडून पाहिलं नाही त्यावर मोठ्या बाईंनी उभ्या जन्मात कात्री ठेवली नव्हती. आणि न वाचलेल्या पानावर खोटं बोलून राहिलेलं नाव त्यांना रोज टोचलं असतं. त्या उठल्या, पदर सोडवून घेतला आणि पुढे गेल्या.

"आमच्या पुस्तकात कोठार नव्हतं," त्या म्हणाल्या.

ग्रंथपालबाई दचकून उठल्या. "पानं फाटलीत? अहो, नवं कोरं दिलं होतं!"

"पानं जागच्या जागी आहेत. आमच्या कानापर्यंत आली नाहीत. आमच्याकडे वाचणारा माणूस फार सज्जन आहे. समोर वहिनी, शेजारी पुतण्याची बायको. त्याच्या तोंडून ती पानं बाहेर पडली नाहीत."

दालनात हसू पसरलं. सगळ्या माना मागे वळल्या. भावोजी खांबाआडून अर्धवट उभे राहिले.

"बसा, भावोजी," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझं अजून संपलेलं नाही."

भावोजी बसले.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "म्हणजे तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. मी हेच म्हणत होतो. इथे मत वाचलेल्या पुस्तकावर द्यायचं असतं."

"जेवढं ऐकलं तेवढं शब्दन्‌शब्द ऐकलं आहे. त्यावर माझं मत आहे. ते ऐकून घ्या आणि मग नाव खोडा."

अध्यक्षांनी हात पुढे केला, म्हणजे बोला.

"आम्ही जी कादंबरी ऐकली," मोठ्या बाई म्हणाल्या, "त्यात प्रेमाचं एक पान नव्हतं. तरी आम्ही रोज दुपारची वाट बघायचो. गुरं तहानेने हंबरायला लागली तेव्हा आमच्यातली एक जण उठून घटाघटा पाणी प्यायली. हद्दीचा खुंटा मारला त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. एक माणूस उन्हात साखळी ओढतो, थैली नाकारतो, आणि ती बाई त्याला दारात उभं राहून पाणी देते. तो पाणी पितो, भांडं धुऊन परत देतो, आणि जातो. भांडं धुऊन देतो! एवढंच लिहिलंय. मला ते पुरलं. आता तुम्ही म्हणता टोपीवालाही चांगला आहे. असेल. पण त्याचा चांगुलपणा दाखवायला वादळ लागलं, कोठार लागलं, कंदील विझवावा लागला. मोजणीवाल्याला एक भांडं पुरलं. मी मोजणीवाल्याच्या बाजूने आहे."

समोरून कुणीतरी टाळी वाजवली. ती चष्मेवाली होती, पण तिच्या मागोमाग आणखी वाजल्या.

"हे भांड्याचं कुठे आहे?" औषधवाल्या बाईंनी पुस्तक चाळत विचारलं.

"मोजणीच्या प्रकरणात. शेवटी."

"अगं बाई. ते प्रकरण मी जरा भराभर वाचलं. नुसत्या साखळ्या आणि कोन." त्यांनी मनमोकळेपणाने कपाळावर हात मारला. "खरं सांगायचं तर उलटलंच."

"आणि गार्डसाहेब, कोठार?" ग्रंथपालबाईंनी हसत विचारलं.

"त्या वेळी घोडा बाहेर बांधलेला होता," गार्डसाहेब म्हणाले. "घोडा पुन्हा चालायला लागला तिथून मी वाचलं."

आता मात्र दालनात हास्याचा कल्लोळ झाला. कुणी म्हणालं गोळीबार गाळला, कुणी म्हणालं शेजाऱ्याची भाषणं. जो तो आपापलं गाळलेलं सांगायला लागला. त्या गोंधळात अध्यक्षांनी टेबलावर पेन्सिल आपटली.

"शांत राहा. आणि एक दुरुस्ती. कंदील वाऱ्याने विझत नाही. ती स्वतः फुंकर घालून विझवते. मग अंगठी काढते. क्रम महत्त्वाचा आहे. कारण तो जेव्हा म्हणतो 'उजेडात सांग', तेव्हा उजेड तिने आपल्या हाताने—"

ते थांबले. सगळ्या माना आता त्यांच्याकडे वळल्या होत्या. इतिहासाच्या मास्तरांचा चेहरा खांबाआडच्या कानाच्या रंगावर गेला होता.

"कितीदा वाचलंत, मास्तर?" चष्मेवालीने खुर्चीवरूनच विचारलं.

"सगळं वाचायचं असतं, म्हणून वाचलं," अध्यक्ष म्हणाले. मग चष्मा काढून ते स्वतःच हसले. त्यांना हसताना वाचनालयात कुणी फारसं पाहिलं नव्हतं. "क्रम लक्षात राहील इतक्यांदा."

"मग तर फुंकर तिचीच," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे मला ऐकायला हवं. पुस्तक आणखी काही दिवस आमच्याकडे राहू द्या. राहिलेली पानं ऐकते. मत बदललं तर इथे येऊन सांगेन. नाही बदललं तरी येऊन सांगेन."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पेन्सिल खिशात घातली. "नाव राहू द्या," ते ग्रंथपालबाईंना म्हणाले. "मात्र वाचणारा बदला. अर्धं पुस्तक खोकून काढणारा वाचक मंडळाला चालणार नाही."

"वाचणारा तोच राहील," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसरा आणला तर तो मोजणी गाळेल."



*

घरी परतताना सून आणि चष्मेवाली पुढे चालत होत्या. कोठाराबद्दल बोलत होत्या आणि हसत होत्या. मोठ्या बाई मुद्दाम मागे राहिल्या. भावोजी पुस्तक दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "उद्यापासून सूनबाईला वाचू द्या. तिचा आवाज गोड आहे."

"का?"

"मला ती पानं जमणार नाहीत. तुमच्यासमोर, सुनेसमोर..."

"आम्ही काय लग्न न करता म्हाताऱ्या झालो, भावोजी?"

"तुम्ही नाही," ते म्हणाले. "मी झालो."

रस्त्यावरचे दिवे लागत होते. बेकरीवाला दाराची फळी लावत होता. इतक्या वर्षांत या माणसाने स्वतःबद्दल एवढं मोठं वाक्य बोललेलं त्यांना आठवत नव्हतं.

"माझ्या तोंडी ते शब्द खोटे वाटतील," भावोजी पुढे म्हणाले. "मी घरी एकटा असताना वाचून पाहिले. मोठ्याने. मलाच हसू आलं. मग हसू थांबलं, ते आणखी वाईट. माझ्या जागी एखादा जाणकार हवा. मी आपला कागदांच्या गठ्ठ्यातला माणूस."

"तो टोपीवाला कोण जाणकार लागून गेला? पहिल्यांदाच सांगत होता ना तो? त्या बाई म्हणाल्या तसं."

"हो. पहिल्यांदाच."

"आणि अडखळतो का सांगताना?"

भावोजींनी आठवून पाहिलं. "अडखळतो. लिहिलंय तसं. दोनदा थांबतो."

"मग तुमच्याहून चांगला वाचणारा मी आणू कुठून?"

भावोजी जरा हसल्यासारखे झाले, पण मान हलवून म्हणाले, "समोर तुमचे चेहरे असतात, वहिनी. सुया थांबतात. सगळ्या माझ्याकडे बघायला लागतात."

"हां," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते खरं." कसलातरी हिशेब चालला असला की त्या बोटांनी हवेत कापड मोजत, तशी त्यांची बोटं घर येईपर्यंत चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजी कारखान्यात आले, तर स्टूल जागेवर नव्हतं. ते दारातच थबकले. त्यांना वाटलं, संपलं.

"आत या," मोठ्या बाईंनी हाक मारली. "स्टूल खिडकीच्या कोपऱ्यात आहे."

कोपऱ्यात दोरी बांधली होती आणि तिच्यावर एक पडदा सोडला होता. एका हॉटेलच्या कामातला, जाड, गर्द निळा, अस्तर लावून तयार, खाली वजनं घातलेला. तो जमिनीपर्यंत असा सरळ पडला होता की त्याच्यापलीकडे काही आहे हे कुणालाही कळलं नसतं. मोठ्या बाईंनी तो एका हाताने बाजूला केला. पलीकडे स्टूल, खिडकीचा उजेड, पाण्याचा पेला आणि बसण्यापुरती जागा.

"पडदे करणाऱ्या बायका आम्ही," त्या म्हणाल्या. "एवढंही सुचायला एक रात्र लागली, लाज वाटते. बसा. तुम्ही आम्हाला दिसत नाही, आम्ही तुम्हाला दिसत नाही. कोठारातही अंधारच होता म्हणतात."

"फुंकर तिनेच घातली," चष्मेवाली म्हणाली.

भावोजी आत जाऊन बसले. पडदा पडला. पानं उलटल्याचा आवाज आला. सून ओठांवर बोट ठेवून बसली होती. चष्मेवालीने सुईत दोरा ओवण्याचं निमित्त करून श्वास रोखला होता.

"हात थांबवू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते काम संध्याकाळी द्यायचं आहे."

सुया चालू लागल्या. आणि पडद्यामागून वादळ आलं. पहिल्या ओळींना आवाज कापत होता. कंदील विझला तेव्हा तो अगदी खाली गेला, एवढा की बायका नकळत पुढे झुकल्या. मग टोपीवाला बोलायला लागला. तो अडखळला, थांबला, पुन्हा बोलायला लागला. आणि त्याचं ते अडखळणं पुस्तकातलं की पडद्यामागचं, हे मोठ्या बाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. फक्त खोटं काही वाटलं नाही. अंगठी निघाली. मूठ मिटली. 'आत्ता नको. वादळ थांबू दे. उजेडात सांग.'

खोकला आला नाही.

मोठ्या बाईंच्या हातातली कात्री उघडी होती. कापडावर टेकवलेली होती, पण पुढे सरकलेली नव्हती.

"सासूबाई?" सुनेने हळूच विचारलं. "आता मत काय?"

"मत तेच," मोठ्या बाई म्हणाल्या. "मोजणीवाला."

"काहीच फरक नाही?"

"ती बाई मूर्ख नाही, एवढं कबूल. पण मी मोजणीवाल्याच्या बाजूने."

"मी आता टोपीवाल्याच्या," चष्मेवाली म्हणाली. "गेली माझी इतकी वर्षं भांडी धुऊन देणाऱ्याबरोबर. सांगते मी, पुरत नाही ते."

खोली हसली. पडद्यामागेही कुणीतरी हसलं, बारीक, पण ऐकू येण्याइतकं. पान उलटायचा आवाज झाला. भावोजी पुढे जायला निघाले होते.

"भावोजी," मोठ्या बाई म्हणाल्या. कात्री त्यांनी टेबलावर ठेवली, मागची खुर्ची ओढून त्या बसल्या आणि पाठ टेकवली. कामाच्या वेळेला त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "पुढचं राहू द्या. कोठाराचंच पान परत घ्या. सुरुवातीपासून. वाऱ्याचा भाग मला नीट ऐकू आला नाही."

पलीकडे पान परत उलटलं, आणि निळ्या पडद्यामागे पुन्हा ढग भरून यायला लागले.